सोपान औटीचा सत्कार

कारखान्यात माझं नाव 'गूळवाली मॅडम' असं पडलं होतं. नेमणूकपत्रावर कामगार कल्याण अधिकारी असं लिहिलेलं होतं, पण हॅमरच्या दणक्यात एवढं लांब नाव घ्यायला कोणाला सवड असणार? आमचा कारखाना फोर्जिंगचा. म्हणजे लोखंडाचे तुकडे भट्टीत लालभडक तापवायचे, सांडशीने उचलून साच्यावर ठेवायचे आणि वरून हॅमर पाडून त्यांना गाडीच्या भागांचा आकार द्यायचा. दिवसभर धूर आणि काजळी नाकातोंडात जाते, म्हणून प्रत्येक कामगाराला गुळाचा खडा द्यायची जुनी पद्धत आहे. गुळाने घशातली धूळ खाली उतरते म्हणतात. उतरते की नाही हे मला कुठल्याही डॉक्टरने छातीठोकपणे सांगितलं नाही, पण गूळ एक दिवस चुकला की अख्खी शिफ्ट माझ्या दारात उभी राहायची.

मी सावेडीतून स्कूटरवर एमआयडीसीत जायची. गेटच्या आत गाडी लावून पाय खाली टेकला की जमीन हादरत असायची. शहराच्या पाटीवर आता अहिल्यानगर आलं आहे, माझ्या तोंडात मात्र नगरच बसलेलं आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

लोकांना वाटतं, कल्याण अधिकारी म्हणजे सहली काढणारी आणि राख्या वाटणारी बाई. तेही केलं. कँटीनच्या आमटीत पाणी किती आणि डाळ किती यावरून भांडले, संडासाच्या नळांसाठी मॅनेजरच्या दारात ठिय्या दिला, एका पायाचा बूट मोठा आणि एका पायाचा लहान आला म्हणून ठेकेदाराला उन्हात उभं केलं. पण माझा सगळ्यात जास्त जीव ज्यात गेला, त्याबद्दल कारखान्याच्या नियमांत एकच वाक्य होतं. दारू पिऊन कामावर येणे हे गैरवर्तन समजले जाईल. बस. गैरवर्तन समजल्यावर पुढे काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आमच्याकडे ते रखवालदाराने ठरवलं होतं. पहिल्या पाळीला तो गेटवर उभा राहून वास घ्यायचा. ज्याच्या तोंडाला वास येईल त्याला परत. परत पाठवलेला माणूस घरी गेला असं मी कधी पाहिलं नाही. फाट्यावरच्या बारला सकाळी सकाळी गिऱ्हाईक मिळायचं, एवढाच त्याचा परिणाम. एकदा रखवालदाराला लांबलचक सर्दी झाली, आणि त्या काळात आमच्या कारखान्याची शिस्त वाखाणण्याजोगी सुधारली, असं मॅनेजरसाहेब मीटिंगमध्ये म्हणाले. मी हसू दाबून खिडकीबाहेर पाहत बसले.

वास चुकवून जो आत शिरायचा त्याला बाकीचे झाकून घ्यायचे. भंगाराच्या पेट्यांमागे गोणपाट टाकून त्याला निजवायचं, त्याचं काम चौघांनी उरकायचं आणि मी फेरी मारायला गेले की एका सुरात सांगायचं, "मॅडम, त्याला बरं न्हाई आज." ते खोटं बोलत नव्हते. त्याला बरं नव्हतंच. ते त्याला नोकरीतून वाचवत होते आणि तो आतून संपत चालला होता.

मी नगरच्या ख्रिस्ती मास्तरांची मुलगी. आमच्या घरात दारूचा शब्दसुद्धा दबक्या आवाजात काढत. त्यामुळे दारुडा म्हणजे बिघडलेला माणूस, एवढंच ज्ञान घेऊन मी नोकरीला लागले. ते ज्ञान आमच्या स्टोअरमधल्या कारकुनाने उतरवलं. इस्त्रीचा शर्ट, वळणदार अक्षर, दुसरा कोणी उशिरा आला की पहिला आरडाओरडा याचा. त्याच्या टेबलावर थर्मास असायचा. तो कोणाला कधी चहा विचारत नसे, म्हणून लोक त्याला कंजूष म्हणत, पण थर्मास उघडून बघावा असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. एक दिवस तो हातातून पडला, फुटला, आणि सगळ्या स्टोअरला कळलं. त्याच दुपारी त्याला काढलं. पुढे तो मला माळीवाड्याच्या स्टँडवर दिसला. शर्ट तोच होता, इस्त्री नव्हती. मला पाहून त्याने तोंड फिरवलं. काही महिन्यांनी त्याच्या दहाव्याचा निरोप आला आणि कारखान्यातून कोणी गेलं नाही.

त्यानंतर मी नगरातल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे स्वतःहून गेले. मला चार गोष्टी समजावून सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलं ते असं की, रोज भरपूर पिणाऱ्याचे सकाळी हात थरथरतात, ते भीतीने नाही. शरीर रोजच्या दारूवर चालायला शिकलेलं असतं, ती मिळाली नाही की ते बिथरतं. अशा माणसाने एकदम, एकट्याने, घरात कोंडून घेऊन सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. "सोडायची तर डॉक्टरांच्या नजरेखाली," ते म्हणाले. "आणि बाई, सोडल्यावर माणूस पुन्हा घसरतो. पुष्कळ जण घसरतात. तो आजाराचा भाग आहे. त्या वेळी तो कोणाकडे जातो, यावर सगळं असतं."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, पटलंही. पण त्याचं वजन मला सोपान औटीने दाखवलं.

सोपान पारनेर तालुक्यातला. पावसावरची जमीन, बाजरी आणि मूग, उन्हाळ्यात तळ दिसणारी विहीर. म्हणून तो कारखान्यात आलेला. आमच्या सगळ्यात मोठ्या हॅमरवर तो हॅमरमन होता. हॅमरमन म्हणजे पायाने पॅडल दाबून घाव घालणारा. एका हाताने सांडशी सावरायची, डोळा साच्यावर, आणि पाय असा दाबायचा की घाव नेमका जेवढा हवा तेवढाच पडावा. सोपानचा पाय फार हलका होता. त्याच्या हॅमरचा आवाज मला माझ्या खोलीत बसून ओळखू यायचा, इतका तो एका लयीत पडायचा.

एका सकाळी ती लय तुटली. मी उठून गेले तोवर हॅमर बंद झाला होता. सोपानच्या सांडशीतून लाल तुकडा निसटून शेजारच्या माणसाच्या बुटापाशी पडला होता. कोणाला लागलं नाही. सोपान भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचे दोन्ही हात इतके थरथरत होते की त्याने ते काखेत दाबून धरले होते. रखवालदाराने येऊन वास घेतला. वास नव्हता. त्या दिवशी तो न पिता आला होता, आणि म्हणूनच हात चालत नव्हते.

मॅनेजरसाहेबांनी त्याला काढायचंच ठरवलं. त्यांचंही चुकत नव्हतं, हॅमरखाली माणसाचा चेंदामेंदा झाला तर जबाबदार तेच. आमच्या युनियनचे गुंजाळ म्हणजे आडदांड, आवाज हॅमरच्या वर चढणारा माणूस. माझं आणि त्यांचं एरवी आमटीवरूनसुद्धा पटत नसे. त्या दिवशी आम्ही दोघं एका बाजूला बसलो. मी म्हटलं, "साहेब, याला काढलं तर हा घरी बसून पिणार आणि मरणार. इथे आहे तोवर कोणाचं तरी लक्ष आहे त्याच्यावर. टायफॉइड झाला असता तर काढला असता का?"

"टायफॉइडने सांडशी सुटत नाही," साहेब म्हणाले.

"सुटते की," गुंजाळ म्हणाले. "मला झाला हुता तवा पान्याचा तांब्या उचलंना."

साहेबांना हसू आलं, आणि तिथे सोपानची नोकरी वाचली.

त्याला आणि त्याच्या बायकोला, लताला, मी माझ्या खोलीत बसवलं. लता किरकोळ बांध्याची, डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसलेली. सोपान खाली बघत होता. मी म्हटलं, उपचार होतील, आजारपणाची रजा मिळेल, नोकरी कुठे जात नाही. लताने तीनतीनदा विचारलं, "खरंच काढनार न्हाई ना, मॅडम?" मी नाही म्हटलं तेव्हा ती रडली. सोपानने तेवढंच विचारलं, "हॅमर दुसऱ्याला देनार का?"

सोडवण्याचे पहिले दिवस त्याने डॉक्टरांच्या रुग्णालयात काढले. परत आल्यावर आम्ही त्याला हॅमरवर न घालता तपासणीच्या बाकावर बसवलं, तयार माल मापाने पारखायला. रात्रपाळी बंद. आणि एक गोष्ट गुंजाळांनी सुचवली, जी मला सुचली नसती. कंपनीची बस त्याला त्याच्या गावच्या फाट्यावर सोडायची, आणि तिथेही बार फाट्यावरच होता. बसमधून उतरलं की दारूच्या दारातून चालत घरी जायचं. गुंजाळ म्हणाले, "बस गावात वेशीपर्यंत जाऊ द्या. डिझेल किती जळंल?" ड्रायव्हर कुरकुरला, पण बस वेशीपर्यंत जाऊ लागली. मालक मंडळींना मी हे नेहमी सांगत आले, की मोठमोठ्या योजना नंतर काढा, आधी तुमची बस त्या माणसाला कुठे उतरवते ते जाऊन बघा.

सोपान सुधारला. अंगावर मांस चढलं. दारू सुटलेल्या माणसाला गोड फार लागतं. तो दुपारी माझ्या दारात यायचा आणि ओशाळून उभा राहायचा.

"मॅडम, थोडा गूळ हाय का?"

"सकाळचा कुठे गेला?"

"त्यो सकाळीच गेला."

मी त्याच्यासाठी कपाटात वेगळी ढेप ठेवली. त्याच्या बाकावरचे लोक त्याला मुंगळा म्हणून चिडवायचे आणि तो हसायचा. आमच्या कारखान्यात एवढं चांगलं काही कधी घडलं नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता हे लपवून काय करू?

मग सुरक्षा सप्ताह आला. समारोपाला मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि पाहुणे. साहेबांच्या मनात आलं की सोपानचा सत्कार करावा. आपल्याकडे चांगल्या गोष्टीचं दुसरं काय करतात? मुलगा दहावी झाला की सत्कार, शिपाई रिटायर झाला की सत्कार, रक्त दिलं तरी सत्कार. कोणाच्याही मनात शंका आली नाही. लताला पुढच्या रांगेत बसवलं. टाळ्यांच्या कडकडाटात सोपानच्या खांद्यावर शाल पडली, हातात श्रीफळ आलं, डोक्यावर फेटा बांधला गेला. साहेब म्हणाले, "आजपासून सोपान औटी हा आपल्या सगळ्यांचा आदर्श आहे." गुंजाळ डोळे पुसत होते. सोपानला बोलायला सांगितलं. त्याने ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी धरला. "तुमी सगळ्यांनी मला माघारी आनलं. आता मी तुमाला खाली बघायला लावनार न्हाई," एवढं बोलून तो बसला.

संध्याकाळी मी डॉक्टरांना आनंदाने फोन केला. ते म्हणाले, "सगळ्यांसमोर वचन घेतलंत त्याच्याकडून. घसरला तर कोणाकडे यायचं, ते सांगितलंत का?"

"डॉक्टर, आज असं कसं सांगणार?"

"मग उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी मी सोपानला बोलावलं आणि सांगितलं, की बाबा, उद्या कधी एखादा घोट गेलाच, तर घाबरू नकोस, सरळ माझ्याकडे ये, नोकरीला काही होणार नाही. त्याने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. कानाला हात लावून म्हणाला, "मॅडम, असं वंगाळ बोलू नका. तुमीच आसं बोलल्यावर काय ऱ्हायलं?" मी ओशाळले. एखाद्याच्या लग्नात उभं राहून घटस्फोटाचं काढावं तसं झालं. नंतर लता भेटली तेव्हा तिलाही सांगून पाहिलं. ती म्हणाली, "आमच्या घरात आता त्यो शब्दच काढत न्हाई आमी." तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी पुढे बोलले नाही.

सत्काराचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. सोपानच्या गावात वेशीवर फ्लेक्स लागला. फेटा बांधलेला सोपान, वर गावच्या पुढाऱ्यांचे गोल गोल चेहरे, आणि मोठ्या अक्षरांत 'निर्व्यसनी कामगाररत्न'. कंपनीची बस संध्याकाळी त्याला नेमकी त्या फ्लेक्सखाली उतरवायची. गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याच्याकडे पाठवू लागल्या. पुढच्या वर्षी उपचार घेऊन आलेल्या कामगारांना सोपानच्या हस्ते श्रीफळ द्यायचं, असंही साहेबांनी ठरवून टाकलं.

ते वर्ष उलटत आलं तेव्हा सोपान गूळ मागायला यायचा थांबला. माझ्या लक्षात आलं आणि मी त्याच्या बाकापाशी गेले.

"काय रे मुंगळ्या, रुसलास का?"

"शुगर निघाली, मॅडम. डॉक्टर गोड नको म्हनले."

तो माझ्या डोळ्यांत बघून बोलला, हसलाही. माप धरलेला हात स्थिर होता. मी त्याला सांभाळून राहा म्हटलं आणि कपाटातली ढेप दुसऱ्यांना वाटून टाकली. हात स्थिर होता तो सकाळी घेतल्यामुळे, हे मला नंतर लताने सांगितलं.

त्याचा चुलतभाऊ अपघातात गेला होता, त्या दुःखात सोपानने पहिल्यांदा घेतली. एकदाच, म्हणून. मग पुन्हा. फाट्यावर तो जाऊ शकत नव्हता, गावात जाऊ शकत नव्हता, कोणासोबत बसून पिऊ शकत नव्हता. विहिरीवर मोटारीची खोली होती, तिथे एकटा पीत होता. लताला कळलं तेव्हा तिने त्याच्या पाया पडून सांगितलं, "चला मॅडमकडं." तो म्हणाला, "कोनत्या तोंडानं जाऊ? त्यांनी सगळ्या कंपनीसमोर शाल घातली मला." डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणाला, त्यांच्या दवाखान्यात कारखान्याची माणसं येतात. आणि त्यातून पुन्हा सुरक्षा सप्ताह जवळ आलेला, व्यासपीठावर उभं राहून नव्या लोकांना श्रीफळ द्यायचं.

त्याने रजा टाकली. घरची कामं आहेत म्हणाला, मी सही केली. लताला त्याने सांगितलं, "मी मोटारीच्या खोलीत ऱ्हातो. चार दिवस तोंडाला लावनार न्हाई. कार्यक्रमाच्या आत पार साफ व्हतो, कुनाला कळायचं न्हाई." पहिल्यांदा सोडली तेव्हा रुग्णालयात सलाईन होतं, औषधं होती, नर्स होती. या वेळी पाण्याचा हंडा आणि खाली वाकळ. लता भाकरी घेऊन जायची. तो घामाने निथळत असायचा, हात हलत असायचे, भिंतीवर माणसं दिसतात म्हणायचा. ती म्हणाली, गाडी बोलावते. तो ओरडला, "वेशीतनं न्हेनार मला? त्या बोर्डाखालनं?"

एका सकाळी ती गेली तेव्हा तो हौदाशेजारी पडलेला होता. झटका आला होता, डोकं हौदाच्या काठावर आपटलं होतं. पारनेरला नेईपर्यंत संपला. कारखान्यात फोन आला तेव्हा मांडववाले समारोपाचे खांब रोवत होते.

गावात सांगितलं गेलं, हार्ट अटॅक. कारखान्यातही तेच. मला खरं काय ते माहीत नव्हतं, पण अंत्यविधीला लता माझ्या गळ्यात पडली आणि खरं काय ते तिने माझ्या कानाशी सांगितलं. तिने मला शपथ घातली होती म्हणून मी गप्प राहिले. साहेबांनी समारोपाचा कार्यक्रम पुढे ढकलला. दहाव्यानंतर करू, सोपानला श्रद्धांजली वाहून सुरुवात करू, म्हणाले.

आमच्या भागात दहावा हा मोठा प्रकार असतो. ओढ्याच्या काठी सकाळी सारा गाव जमतो, विधी आटोपले की महाराजांचं प्रवचन होतं आणि मग ध्वनिक्षेपक पुढाऱ्यांच्या हाती जातो. कारखान्यातून दोन बस भरून माणसं गेली होती. मी बायकांच्या कडेला बसले. एकामागून एक माणसं उठून बोलत होती. कोणी म्हणालं, आदर्श. कोणी म्हणालं, या गावातला एक निर्व्यसनी तारा निखळला. आमचे साहेबही बोलले. शेवटच्या पुढाऱ्याने तरुणांना हात वर करून सोपानदादांसारखं निर्व्यसनी राहण्याची शपथ घ्यायला लावली. पोरं हात वर करू लागली, तोच बायकांमधून लता उठली.

तिने ध्वनिक्षेपक मागितला नाही. जागेवरूनच बोलली. "खोटी शपथ घिऊ नका रं," म्हणाली. "त्यास्नी अटॅक आला न्हाई. ते पुन्ना प्यायला लागलं हुतं. कुनाला सांगता यीना म्हनून एकल्यानं सोडाय गेलं आन् त्यातच गेलं."

तिच्या सासूने तिचा पदर खाली ओढला. लता बसली नाही. साहेबांकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी लई चांगलं केलं आमचं. मी इसरनार न्हाई. पर त्यांच्या खांद्यावर शाल घातली तवा माझ्या मानसाला परत यायची वाट ऱ्हायली न्हाई."

वर गेलेले हात तसेच अर्धवट राहिले आणि मग एकेक करून खाली आले. पुढाऱ्याने ध्वनिक्षेपक बंद केला. मला त्या बाईचा राग यायला हवा होता, असं बसमध्ये काही लोक म्हणाले. मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं. नवऱ्याच्या दहाव्याला, साऱ्या भावकीसमोर, तिने त्याची अब्रू जमिनीवर ठेवली, कारण तिच्या हातात दुसऱ्या कोणाला वाचवायला तेवढंच उरलं होतं.

साहेबांनी समारोपाचा कार्यक्रम रद्द केला. काही दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत, मग एके दिवशी स्वतःच खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, आपलं चुकलं कुठे?" मी म्हटलं, आपण त्याला बरा केला तिथवर काही चुकलं नाही. नोकरी राखली, हॅमर सोडवला, बस वेशीपर्यंत नेली. पण परत येण्यासाठी उघडं ठेवायचं दार आपण हारतुऱ्यांनी भरून टाकलं. अजूनही कोणी कारखानदार मला सल्ला विचारतो तेव्हा मी हेच सांगते. दारूतून उठलेल्या माणसाचा गाजावाजा करू नका. त्याला त्याचं काम द्या, त्याचं नाव चार माणसांच्या बाहेर जाऊ देऊ नका, आणि पहिल्याच दिवशी, तो कानाला हात लावो नाहीतर तोंड फिरवो, त्याला सांगा की पडलास तर इथेच ये. त्याने ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. मी एकदाच सांगून थांबले होते, समोर सगळेच खुशीत होते म्हणून.

दहाव्यानंतरच्या सोमवारी मी कारखान्यात लवकर गेले होते. कपाट उघडून गुळाच्या ढेपी बाहेर काढत होते. दाराशी विलास उभा होता. विलास भिंगारचा, आमचा क्रेनवाला. वर केबिनमध्ये बसून तापलेलं लोखंड माणसांच्या डोक्यावरून नेणारा. त्याच वर्षी उपचार घेऊन आला होता, म्हणून त्याला आम्ही अजून क्रेनवर चढू देत नव्हतो. रद्द झालेल्या कार्यक्रमात सोपानच्या हातून ज्यांना श्रीफळ मिळायचं होतं, त्यांत त्याचं नाव पहिलं होतं. तो आत आला आणि दार लावून घेतलं. माझ्या खोलीचं दार आजवर कोणा कामगाराने लावून घेतलं नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला, "दहाव्याला मी हुतो. वहिनी बोलल्या ते ऐकलं."

मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. हात पाठीमागे धरले होते, मग त्याने ते पुढे आणून मला दाखवले. ते थरथरत होते.

"आठ दिस झालं, परत सुरू झाली. आज सकाळी घेतली न्हाई, तुमच्याकडं यायचं हुतं म्हनून. मला दवाखान्यात न्या. काढायचं तर काढा. फक्त ती शाल आन् नारळ मला कधी देऊ नका."

मी त्याच्या हातात गुळाचा खडा ठेवला, रिक्षा बोलावली आणि डॉक्टरांना फोन लावला.